हार घातलेला झारा

मित्रांनो, मी एक जुना, लोखंडी आणि सध्या घाबरलेला झारा आहे. लोखंडाला भीती वाटत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल. सांगणारा कधी उकळत्या तेलावर आडवा पडलेला नसतो.

इंदूरच्या एका लोहाराने मला परातीएवढा गोल कापला, ओळीने भोकं पाडली आणि तीन रिवेट ठोकून लांब दांडा बसवला. तिथून मी एका नमकीनच्या कारखान्यात आलो. मला कढईच्या काठांवर टेकवायचं, कारागिराने डाव्या हाताने दांडा धरायचा, उजव्या तळहाताने बेसनाचा गोळा माझ्यावर रेटायचा, की खाली तेलात शेव पडते. तुम्ही पोह्यांवर भुरभुरता तीच. पोहे खाताना झाऱ्याची आठवण कुणालाच होत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही.

सेठजींचा धंदा माझ्यावर सुरू झाला, म्हणून मी शुभ ठरलो. पुढे मशिनं आली, तरी लवंगेची शेव माझ्यावरच व्हायची. दर खंडेनवमीला मला घासूनपुसून कुंकू लावत, झेंडूचा हार घालत, समोर नारळ फोडत. सेठजी डोळे मिटून हात जोडत. डोळे उघडे ठेवले असते, तर माझे झिजत चाललेले रिवेट दिसले असते.

बारा वर्षं माझ्यावर हात चालला तो वाल्मिकचा. तो इंदूरजवळच्या महूचा. वडील फौजेत ड्रायव्हर, त्यामुळे गाडीला हात लावण्याआधी नट तपासायचा, ही सवय घरातली. बायको जया त्याच कारखान्यात पॅकिंगला. गेल्या वर्षी माझा दांडा हलायला लागला, तेव्हा वाल्मिकने लगेच सुपरवायझर हृषीकेशजींना दाखवला. हृषीकेशजी फार सभ्य गृहस्थ. त्यांचे पणजोबा होळकर दरबारात कारकून होते. विषय पुढच्या टेबलावर सरकवण्याची कला घराण्यातच होती. त्यांनी तो सेठजींकडे सरकवला. सेठजी म्हणाले, दिवाळी तोंडावर आली, शुभ वस्तूवर हातोडा नको. सण होऊ द्या, तोवर चिंधी बांधा.

वाल्मिकने तीनदा सांगितलं आणि तीनदा चिंधी बदलली. खंडेनवमी आली, तेव्हा हार चिंधीवरूनच घातला.

चिंधी तेल पिते, मित्रांनो. ती रोज थोडी सरकायची आणि ते फक्त मला कळायचं. वाल्मिक गोळा ठेवायचा तेव्हा मी सगळं बळ एकवटून दांडा धरून ठेवायचो. आज नाही, एवढंच मागायचो. तोही माझ्याइतकाच घाबरलेला असावा, कारण गाणं गुणगुणत काम करणारा हा माणूस हल्ली गप्प असायचा.

दसऱ्यानंतरच्या आठव्या दिवशी, दुपारी, दांडा त्याच्या डाव्या हातात राहिला आणि मी उलटा झालो. उजवा हात पूर्ण जोरात खाली आला. माझी तापलेली, तेलाने निथळणारी पाठ त्या हाताला कोपरापर्यंत मिळाली. वर त्याचा भार आणि खाली कढईचा काठ, मधे मी. मला मागे होता आलं नाही. ते मला अजून आठवतं आणि आठवू नये असं वाटतं.

कुणी हळद आणली, कुणी टूथपेस्ट. जया पॅकिंगमधून धावत आली, तिने सगळ्यांना बाजूला सारलं आणि त्याचा हात नळाखाली धरला. बराच वेळ धरून ठेवला. तेवढ्यात हृषीकेशजींनी मला भंगाराच्या पोत्यात टाकायला सांगितलं. इतकी वर्षं शुभ असलेली वस्तू एका मिनिटात भंगार झाली. पण पोत्यापर्यंत जाण्याआधी जयाने मला जेवणाच्या डब्याच्या मोठ्या पिशवीत कोंबलं.

रिक्षात हृषीकेशजी वाल्मिकशेजारी बसले आणि आवाज खाली आणून बोलले. "देखो भिया, दवाखान्यात सांगायचं, घरी चहा करताना भाजलं. कारखान्याचं नाव आलं की चौकशी लागते. मग तुझी नोकरी, जयाची नोकरी, कुणाकुणाला सांभाळू मी?"

वाल्मिकने भाजलेला हात मांडीवर उताणा धरला होता. जयाच्या मांडीवरच्या पिशवीत मी थरथरत होतो. निदान रिक्षा तरी थरथरत होती.

डॉक्टर नीरजा यांनी हात पाहिला. कुठे झालं, असं विचारलं. हृषीकेशजींनीच उत्तर दिलं, घरी, चहा करताना.

डॉक्टरांनी हात दिव्याखाली वळवला. मनगटापासून कोपरापर्यंत ओळीने गोल ठिपके उठले होते. "चहा तुम्ही कशाने गाळता?" त्यांनी विचारलं.

जयाने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं. "याने," ती म्हणाली.

"जया, सोच ले," हृषीकेशजी म्हणाले.

डॉक्टर वाल्मिककडे वळल्या. पेशंट सांगेल तेच लिहीन, म्हणाल्या. पण कामावर भाजलं असेल, तर उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे, आणि इथे घर लिहिलं की उद्या कारखाना सिद्ध करताना जन्म जाईल.

वाल्मिकने आधी जयाकडे पाहिलं, मग हाताकडे, मग माझ्याकडे. तो खोटं बोलेल याची मला भीती होती, आणि खरं बोलला तर त्या दोघांचं काय होईल याचीही.

"कारखान्यात," तो म्हणाला. "दांडा ढिला होता. तीनदा सांगितलं होतं."

डॉक्टरांनी लिहिलं.

उपचाराचा खर्च कारखान्याला करावा लागला. जयाला चूक दाखवून कामावरून काढलं. तिने त्यावरही अर्ज केला आहे. वाल्मिकची करंगळी अजून मिटत नाही. भरपाईच्या तारखा पडत असतात, आणि मी पुरावा म्हणून एका सरकारी कपाटात आहे. माझ्या गळ्यात आता हार नाही, चिठ्ठी आहे: 'लोखंडी वस्तू, एक'. मी हरवलो तरी हरकत नाही. माझी भोकं वाल्मिकच्या हातावर ओळीने मोजता येतात.

मला भीती वेगळीच आहे. खंडेनवमी पुन्हा जवळ आली. माझ्या जागी नवा झारा आला आहे, आणि त्यालाही हार घालतील. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलात, तर हात जोडण्याआधी एकदा त्याचा दांडा हलवून पाहाल का?