कुंदी केलेल्या पट्ट्या

लढाईचं चौथं वर्ष, कार्तिकाचे दिवस. हिंगोलीच्या रंगारगल्लीत लुगडी रंगवायला येणं थांबलं होतं. गोजरबाईच्या रांजणात आता फक्त फौजेचा माल भिजत होता. वीतभर रुंदीच्या कापडी पट्ट्या, निम्म्या गवती हिरव्या, निम्म्या मातकट. तोफांवर टाकायच्या जाळ्यांत त्या ओवायच्या, म्हणजे वरून विमानवाल्याला खाली नुसतं रान दिसतं, एवढं ठेकेदाराच्या मुनशीनं, खाजा मियानं, सांगितलं होतं. गोजरबाईला तेवढं पुरे होतं. तिचा एकुलता एक उत्तम तिकडं आसामात तोफेवरच होता.

"मावशी, रंगवा आन् वाळवा," खाजा मिया म्हणाला. "खळ न्हाई, कुंदी न्हाई. चिंध्याच त्या."

"चिंध्या तुज्या घरी. माजी सासू मेली त्या दिवशीबी ह्या दारातून बिनकुंदीचं कापड गेलं न्हाई. माजं पोरगं जाळीखाली बसून राहिलं, आन् मी वर पोतेरं धाडू व्हय?"

बारा गाठी गेल्या. एकेका पट्टीला खळ दिली, दगडावर घातली आणि लाकडी मोगरीनं ठोकली, पार रेशमासारखी तकाकी येईपर्यंत. हीच कुंदी. सून सखुबाईचे खांदे भरून आले, तर सासूनं विचारलं, "उत्तमचे दुखत नसतील तिकडं?"

माघात तेरावी गाठ कयाधू नदीच्या वाळूत वाळत होती, वाळलेल्या पट्ट्या गोजरबाई तिथंच ठोकत होती, तेव्हा अमरसिंग आला. सेनगावचा, उत्तमच्याच पलटणीतला. पाय जायबंदी होऊन घरी आलेला. कुबडीवर नदी ओलांडून उत्तमची खुशाली सांगायला आला, आणि रामराम घालायच्या आधीच म्हणाला, "मावशी, पल्याडच्या काठावरून काय चमकून राहिलं म्हणलं, ते हे?"

"चमकंल न्हाई तर काय. कुंदी है."

"पण हे जाळीचं ना?" अमरसिंग वाळूत बसला. एक पट्टी उचलून उन्हात फिरवली. "अगुदर फौज लाल कोट घालायची म्हणं. लांबच्या बंदुका आल्या, तवा खाकी केलं. आता विमानं आली, तर झाडाचा पाला आन् जाळ्या. पारधी पाला बांधून हरणाजवळ जातो, तसंच. पण पाला सुकला का दिसतो, आन् चमक तर कोसावरून दिसती. विमानवाला आधी चमक पाहतो, रंग मागून, मावशी. आमी टोपीलाबी चिखल फासत होतो."

गोजरबाईच्या हातातली मोगरी खाली आलीच नाही.

"आन् जाळीच चमकली, तर?"

अमरसिंगनं पट्टी घडी घालून ठेवली. "तर खाली तोफ है हे त्याला कळतं. पाऊस आला तर खळ उतरंल. पण तिकडं चैतापर्यंत पाऊस न्हाई."

ती तशीच, रंगल्या हातांनी, खाजा मियाच्या दारात गेली.

"बारा गाठी परत आण."

"कुठून आणू? पूर्णेला गाडी बदलून गेल्या. फुडं कुठं, ते मलाबी सांगत न्हाईत."

"मग तुज्या साहेबानं पास काहून केल्या?"

"त्यानं हात फिरवला, बहोत खूब म्हणाला. कागदावरचा साहेब तो, रान कुठं पाहिलं त्यानं?" खाजा मियाचा आवाज खाली आला. "मावशी, दहा जागी माल होऊन राहिला. तुमची पट्टी उत्तमच्याच तोफेवर जाईल असं थोडंच है."

"म्हंजे दुसरीच्या लेकराच्या डोक्यावर जाईल. हे सांगून माजं समाधान करतो व्हय रे?"

स्टेशनात तारबाबूनं मान वर न करता सांगितलं, फौजेच्या मालाबद्दल तार घेत नाहीत. कुणापुढं न वाकलेली गोजरबाई त्याला दोनदा 'बाबा' म्हणाली. त्यानं खिडकी लावून घेतली.

राहिलं पत्र. सखुबाई तिसरी शिकलेली. तिनं कार्ड मांडीवर घेतलं.

"ल्ही. जाळी पाण्यात बुडव, वर चिखल फास. रोज फास."

"आत्याबाई, कारण ल्हिऊ? आपून कुंदी करून चुकलो म्हणून?"

"चुकलो नको ल्हिऊ. नुसता चिखल ल्ही."

आठवडा गेला आणि उत्तमचंच पत्र आलं. सखुबाई उंबऱ्यातच वाचू लागली, हसतच.

"आईस दंडवत. नवी जाळी आली. हात लावला आन् वळखलं. सगळ्या गड्यांला सांगितलं, ही माज्या आईची कुंदी है. हवालदार म्हणाला, चिखल फासा. मी म्हणालो, बाकी जाळीला फासा, माज्या डोक्यावरच्या एवढ्या तुकड्याला मी हात लावू देणार न्हाई..."

सखुबाईचं हसू मावळलं.

"फुडं वाच."

"फुडं फौजवाल्यांनी शाईनं काळं केलंय."

"तारीख?"

"वीस दिस झाले."

गोजरबाईनं पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं, सुनेला परत दिलं.

"नवं कार्ड घे. ल्ही, कुंदी करून चुकले मी. माजी चूक झाली. ल्ही लवकर."

सखुबाईनं लिहिलं. गोजरबाई ते कार्ड घेऊन टपालकचेरीत धावली. पूर्णेची गाडी सकाळीच टपालाची थैली घेऊन गेली होती.