कधीही न पेटलेला पाइप

मी एक जुना पाइप आहे. हो, तंबाखू ओढायचा पाइप. आणि तरीही, मित्रांनो, मी अगदी कोरा आहे. माझ्या वाटीत आजवर एकदाही विस्तव पडलेला नाही. तेव्हा नाके मुरडू नका, तुम्हाला धुराची गोडी लावायला मी आलेलो नाही. धूर वाईटच. मी राहतो त्या घरातल्या आईला विचारा, ती तुमच्या ताटातले जेवण गार होईपर्यंत सांगत बसेल.

माझे लाकूड एका झुडपाच्या मुळातले. जमिनीखाली मुळाला एक टणक गाठ धरते. ती सहसा जळत नाही, म्हणून आमची जात तिच्यातून घडवतात. कातारी मला घेऊन लेथवर बसला तेव्हा तो मला चांगला मोठा करणार होता. पण थोडे कातल्यावर लाकडात खडा निघाला. तो काढला, तर खाली एक भोक. भोक घालवता घालवता मी लहान होत गेलो. शेवटी उरलो तो एवढासा. सरळ दांडी, उभी गोल वाटी, दातांत धरायला कडक काळे रबर. घाट मात्र जुना, साधा, अस्सल. कातारणीने मला तळहातावर घेतले आणि म्हणाली, "हा काय बाहुल्याला द्यायचाय?"

"असू दे," कातारी म्हणाला. "लहान तोंडाचं गिऱ्हाईकही येतं कधीतरी."

ते यायला बरीच वर्षे लागली. दुकानात वाकड्या दांडीचे, सिंहाच्या तोंडाचे पाइप काचेच्या कपाटात बसले. मी खालच्या खणात, पाइप साफ करायच्या तारांच्या पुडक्यांखाली. माणसे खण उघडत, तार घेत, मला बाजूला सारत. कोणी नको म्हटले तर वाईट वाटते. पण कोणी पाहिलेच नाही, तर ते फार दिवस सलते.

एके दिवशी एक बाई आली. कडेवर तीन वर्षांची मुलगी. दुकानात पाऊल टाकण्याआधी तिने मुलीच्या नाकावर रुमाल धरला.

"मला पाइप हवाय. नवा, लहान आणि जुन्या साध्या घाटाचा."

"हा बघा. वाकडा आहे, पण साहेबी दिसतो," दुकानदार म्हणाला.

"वाकडा नको. मान खाली घातली की टेबलावर आपटेल."

"मग हा सरळ."

"जड आहे. बाबांचे पुढचे दात हलतात."

दुकानदाराने कपाट रिकामे केले, मग नाइलाजाने खण उपसला. मला पाहताच बाईने रुमालाचा हात सोडून मला उचलले, आणि लगेच रुमाल पुन्हा नाकावर धरला.

"तंबाखू कुठली देऊ?"

"तंबाखू नको. पेटवायचा नाहीये."

दुकानदाराने चष्मा वर सरकवला. "म्हणजे छत्री हवी, पण पावसात न्यायची नाही."

"असंच समजा," ती म्हणाली.

घरी गेल्यावर मला सारा उलगडा झाला. तिचे वडील घड्याळजी. चाळीस वर्षे त्यांनी दातांत पाइप धरून घड्याळे दुरुस्त केली होती. जबडा घट्ट आवळला की हात स्थिर राही, आणि श्वास नाकाने चाले म्हणून डोळ्यावरच्या भिंगावर वाफ धरत नसे. पण नातीची छाती नाजूक निघाली. थंडीत तिच्या श्वासातून शिटी वाजे. डॉक्टरांनी घरात धूर नको म्हणून बजावले, आणि आईने कोणाला न विचारता जुना पाइप कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. आजोबांनी तंबाखू सोडली. पण हात थरथरू लागला. दातांत पेन्सिल धरून पाहिली, तर तीन पेन्सिली चावून वाया गेल्या. बंद घड्याळे फळीवर साचत गेली. आई हे सगळे दाराआडून पाहत होती, आणि महिनाभराने तिच्याने राहवेना.

"बाबा, एक अट आहे," मला त्यांच्यापुढे ठेवत ती म्हणाली.

"पेटवायचा नाही. कळलं."

"नक्की?"

"अगं, चाळीस वर्षांत एक तरी घड्याळ मी पुढे पळणारं दिलंय का कोणाला?"

त्यांनी मला दातांत धरले. चिमटा उचलला. हात थरथरला नाही. मित्रांनो, इतकी वर्षे खणात का पडून होतो, ते मला त्या क्षणी कळले.

चार दिवसांत त्यांनी माझा आणखी एक उपयोग शोधला. माझी वाटी नाकाखाली उभीच असे. घड्याळ खोलले की त्यातले खसखशीएवढे स्क्रू ते भिंगातली नजर न काढता चिमट्याने थेट माझ्या वाटीत टाकत. दांडीत जाऊ नयेत म्हणून तळाशी चिंधीचा बोळा घट्ट बसवला होता. ज्या पोटात निखारे पडायचे होते, तिथे आता घड्याळांचे दात-कान सांभाळायचे! मला मोठा मान वाटे.

संध्याकाळी आजोबा नातीला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणत. ते तिला सेकंदकाटा म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. दोघे बाहेर पडली की आई हळूच येई, मला उचले आणि माझा वास घेई. रोज. मला वाईट वाटे, राग मात्र येत नसे. लेकराच्या छातीतली शिटी जिने मोजली आहे, तिचे नाक असेच सावध होते.

एका संध्याकाळी तिला वाटीत काळी पूड दिसली. बेकरीवाल्याच्या गजराच्या घड्याळातला गंज होता तो, जुन्या तेलात आणि पिठात मळलेला. तिला ती राख वाटली. तिचे ओठ मिटले. तिने मला खिडकीशी नेले आणि चौकटीवर दोनदा जोरात झटकले. पूड पडली, आणि तिच्याबरोबर एक स्क्रूही; मी तिरका होतो म्हणून बाकीचे तीन आत राहिले. मी ओरडणार तरी कसा?

सकाळी आजोबांनी मला तळहातावर उपडे केले. तीनच स्क्रू. त्यांनी टेबल पाहिले, फरशी पाहिली, गुडघ्यांवर बसून लोहचुंबक फिरवला. "चार टाकले होते," ते पुटपुटले. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "की तीनच?"

त्या प्रश्नाने मला धडकी भरली.

दुपारी बेकरीवाला आला. आजोबा म्हणाले, "तुझं घड्याळ दुसरीकडे दाखव बाबा. माझं मोजणं चुकायला लागलंय."

"दुसरीकडे कुठे, काका? बायको म्हणते, कोंबडा पाळ. तो भट्टीत फिरला तर पावाला पिसं लागतील."

आजोबा हसले नाहीत. त्यांनी टेबलावर कापड ओढले. "हात चांगला असतानाच कामावरून उठलेलं बरं," ते लेकीकडे वळून म्हणाले. "फळीवरची घड्याळंही परत करून टाकू."

आई दारात उभी होती. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"बाबा, काल पाइपमध्ये राख होती."

"राख?" आजोबांनी मला तिच्या हातात दिले. "आत बोट घाल."

तिने करंगळी घातली. ती बोळ्याला अडली.

"ह्यातून धूर ओढून दाखव मला," आजोबा म्हणाले. "गंज असेल तो, ह्याच्या घड्याळातला."

तिचा चेहरा उतरला. "मी पाइप खिडकीत झटकला. काल संध्याकाळी. मी रोज वास घेते, बाबा."

मला वाटले, आता आजोबा रागावणार. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि त्यांचे खांदे सैल झाले.

"म्हणजे चारच होते," ते म्हणाले. मग बेकरीवाल्याकडे वळून पुन्हा, "ऐकलंस? चारच होते."

आईने लोहचुंबक घेऊन खिडकीच्या चौकटीची खाच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पालथी घातली. स्क्रू तिथेच होता, धुळीत नाक खुपसून. आजोबांनी टेबलावरचे कापड काढले आणि चारही स्क्रू बसवले. बेकरीवाला जाताना घड्याळ कानाला लावून गेला.

संध्याकाळी फिरायला निघण्याआधी आजोबांनी मला स्वतःच तिच्यापुढे धरले.

"घे, वास घे."

"नको ना बाबा. लाजवू नका."

"घे गं. पोरीसाठी घेतेस, मला त्याचा राग नाही. फक्त आधी तळहातावर ओत."

मित्रांनो, वस्तूंना तोंड असले तरी बोलता येत नाही. आमच्या पोटात कोणी काय विश्वासाने ठेवले आहे, ते आम्ही ओरडून सांगू शकत नाही. म्हणून काही काळे दिसले तर झटकू नका, आधी विचारा. माणसांच्या बाबतीतही हे चालेल, असे मला आपले वाटते.

आई अजूनही रोज माझा वास घेते, आजोबांच्या देखत. पण त्याआधी ती डावा हात पुढे करते आणि मला सावकाश तळहातावर उपडे करते. मग दोघे मिळून स्क्रू मोजतात.