गाळलेली सोळा पानं

माझ्या धाकट्या बहिणीची नोकरी तिच्या नवऱ्याने आधी सोडवली, मग फोन काढून घेतला, शेवटी बाहेरून कडी घालायला लागला, तेव्हा कुठे बाईसाहेब माझ्याकडे निघून आल्या. आठ दिवस झाले नाहीत तोच पाघळल्या. उद्या तो न्यायला येणार होता आणि ही जाणार होती.

दुपारी माझ्या बाइंडिंगच्या दुकानात ती आमची जुनी कादंबरी वाचत बसली होती. त्यातल्या धुक्याच्या राजकुमारावरून आधी मी आणि दोन वर्षांनी तिने जीव ओवाळून टाकला होता. तो जखमी होतो ते पान वाचलं त्या दिवशी मी जेवले नव्हते. त्या वयात अक्कल गहाण पडलेली असते.

"ताई, हा राजकुमारही नायिकेला मनोऱ्यात कोंडतोच की," धाकटी म्हणाली. "काळजीपोटी. ती कुठे सोडून गेली? मीच उतावळी."

मी हातातलं शिवणकाम बाजूला ठेवलं.

मी सोळा वर्षांची असताना त्या पुस्तकाची शिवण उसवली होती. बाबांनी पहिल्यांदाच मला एकटीला काम दिलं. सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे फर्मे, क्रमाने लावून तपासायचे आणि मग शिवायचे. मी तपासले आणि एक फर्मा मुद्दाम रद्दीत टाकला. धाकटीच्या हातात पुस्तक पडलं ते त्यानंतर.

"पानांचे आकडे बघ," मी म्हणाले.

तिने पानं उलटली. "एकशे ब्याण्णव. पुढे... दोनशे नऊ?"

"मधल्या पानांत तो तिची पत्रं जाळतो. ती मनोऱ्याचं दार फोडून जाते. तो हात जोडतो, तरी मागे वळत नाही. पुढे युद्धात भेटतात, म्हणून गाळलेलं कळत नाही. मला तो तसा बघवला नाही गं. मी काढून टाकलं."

धाकटीने पुस्तक मिटलं.

"म्हणजे तू त्याला वाचवलंस," ती म्हणाली. "मला नाही."

खरंच होतं ते.

तिने टेबलावरचा माझा फोन उचलला, नवऱ्याला लावला. "उद्या येऊ नकोस. मी येत नाही." पलीकडून तो बोलतच होता. तिने फोन बंद केला, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला आणि आत निघून गेली.

ती त्याच्याकडे परत गेली नाही. माझ्याशी मात्र महिनाभर बोलली नाही, आणि मीही तिची समजूत काढायला गेले नाही.