कुत्रीच्या कानावर घातलेलं

"ऊठ गं काळे. तू तरी कचऱ्यात लोळू नकोस. काही लोकांचे अर्धं अंगण झाडलं की हात गळून पडतात, त्याला आपण काय करणार?"

थोरली जाऊ हे कुत्रीला म्हणाली. कुत्री अंगणाच्या मधोमध, दोन्ही घरांच्या पायऱ्यांपासून सारख्याच अंतरावर पसरली होती. तिने कानसुद्धा हलवला नाही. धाकटीचं उत्तर पलीकडच्या गोठ्यातून आलं, तेही कुत्रीलाच.

"मैने, इकडे ये बाळा. सकाळी सकाळी तिथे बसलीस तर बहिरी होशील."

काळी आणि मैना ही एकच कुत्री. दोन भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा मधे भिंत घातली, जमीन वाटली, म्हशी वाटल्या, अगदी दोरखंडसुद्धा मापून कापले. कुत्री तेवढी राहून गेली. ती अंगणात झोपायची आणि अंगण सामाईक होतं. थोरलीने तिला आधीपासूनच्या नावाने काळी म्हणायचं ठरवलं. धाकटीने मैना हे नाव काढलं. काळ्याकुट्ट, बुटक्या, एका कानाने लुळ्या कुत्रीला मैना म्हणायला माणसाला डोळे तरी नसावेत किंवा लाज तरी नसावी, असं थोरलीचं मत होतं, आणि ते तिने कुत्रीला वेळोवेळी सांगितलं होतं.

दोघी जावा एकमेकींशी बोलत नसत. भावांचं काही बिनसलं नव्हतं. ते एकाच पंपावर पाणी फिरवत, एकाच झाडाखाली डबा खात आणि घरी येताना अलीकडच्या वळणावर वेगळे होत, कारण एकत्र आले तर दोन्हीकडे बोलणी खावी लागत. बायकांचं फाटलं ते दूध डेअरीवर. धाकटी सगळ्या रांगेदेखत म्हणाली होती, की आमच्या जाऊबाईंची म्हैस विहिरीला खेटूनच बांधलेली असते. दुधातलं पाणी कुणावर निघालं ते कळून रांग खो खो हसली. थोरलीने त्याच दिवशी तोंड बंद केलं. धाकटीला वाटलं होतं की चार दिवसांनी उघडेल. ते उघडलं नाही, तेव्हा तिनेही आपलं मिटून घेतलं.

पण एका अंगणात, एका नळावर, कपडे वाळवायच्या एका तारेवर राहायचं म्हणजे काहीबाही सांगावं लागतंच. नळाला पाणी कधी आलं, कुणाची म्हैस सुटली, कुणाची चादर चिखलात पडली. हे सगळं कुत्रीच्या कानावर घालायची पद्धत पडली. "काळे, नळ चालू राहिलाय बघ," असं थोरली म्हणायची आणि पलीकडून कुणीतरी येऊन नळ बंद करायचं. बोलणं असं चोख चालत असल्यामुळे समेट करायची कुणालाच निकड वाटत नव्हती. टोमणेही याच वाटेने जात. बोलायचं कुत्रीला, लागायचं जावेला, आणि जाब विचारायला कुणी आलं तर मी कुत्रीशी बोलत होते म्हणायला मोकळं.

दोघीही तिला जीव लावत. थोरली नवऱ्याच्या जुन्या फणीने तिच्या अंगातली कुसळं काढायची. धाकटी ओल्या फडक्याने तिचे डोळे पुसायची. पलीकडची हिला उपाशी मारते, अशी दोघींचीही खात्री असल्याने दोन्हीकडे तिचं पोट भरलं जाई. त्यामुळे कुत्री पिंपासारखी झाली होती आणि पायऱ्या चढताना मधे एकदा बसून घ्यायची.

पावसाळा सरला, ऊन तापायला लागलं आणि गोचिडांनी डोकं वर काढलं. म्हशींच्या कासेपासून शेपटीपर्यंत गोचीड. कुत्रीच्या लुळ्या कानात तर भिजलेल्या वाटाण्याएवढे. थोरलीने सकाळीच बादलीत औषध कालवलं. टोपणाने मापून घातलं, पाणी मापून घातलं, नाकाला पदर लावून म्हैस पुसून काढली, मग कुत्रीसाठी आणखी पातळ केलं आणि तिलाही कानापासून पंजापर्यंत पुसलं. धाकटी तेव्हा डेअरीवर गेली होती. लपवायचं असं काही नव्हतं, पण दवंडी तरी कशाला पिटायची.

औषध लावलं म्हणून गोचीड लगेच पडत नाहीत. त्यांना मरायला वेळ लागतो आणि तोवर ते जास्तच चावरे होतात. दुपारी कुत्री पलीकडच्या पायरीशी बसून मागच्या पायाने कान ओरबाडत होती. धाकटी भांडी घासत होती. तिचा आवाज थोरलीच्या खिडकीतून सरळ आत आला.

"काय गं मैने ही तुझी दशा. अंगावर गोचिडांचं गाव वसलंय, पण कुणाच्या डोळ्यांना दिसेल तर शपथ. थांब, एवढी भांडी होऊ देत. मीच लावते औषध."

थोरली खिडकीशी बसून धान्य निवडत होती. तिने शब्द न् शब्द ऐकला. "सकाळीच लावलंय" एवढंच सांगायचं होतं. ते जिभेच्या टोकावर आलंही. पण सांगायचं कुणाला? कुत्री बसली होती पलीकडे, धाकटीच्या पायाशी. इथून ओरडून सांगितलं तर ते कुत्रीला सांगितलं असं कुणी म्हटलं नसतं. ते धाकटीला दिलेलं उत्तर झालं असतं, आणि तेही तिने टोमणा मारल्यावर. मग तिच्या मनात आलं, की वास येईलच की तिला. पण दोन्ही गोठ्यांत, दोघींच्या लुगड्यांना आणि हातांना त्या दिवसांत तोच वास होता. हेही थोरलीला ठाऊक होतं. तिने सुपातला एक खडा उचलला, खिडकीबाहेर टाकला आणि आडवी झाली.

तिला जाग आली ती धाकटीच्या आवाजाने. आवाज वेगळाच होता. त्यात टोमणा नव्हता, नुसतंच "मैने, अगं मैने" चाललं होतं. थोरली बाहेर आली. कुत्री उभी राहायचा प्रयत्न करत होती आणि तिची मागची बाजू दारुड्यासारखी एका अंगाला झुकत होती. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. दोन पावलं टाकून ती बसली, मग आडवी झाली. डोळे अर्धे उघडे, पण त्यात बघणारं कुणी नव्हतं. थोरलीने पोटाला हात लावला. एवढ्या उन्हात पोट गार होतं.

पुरुष दोघेही लांबच्या रानात होते. धाकटीला स्कूटर चालवता येत होती. थोरलीला कुत्री उचलता येत होती, कारण म्हशीच्या चाऱ्याचे भारे वाहून तिची कंबर तयार झालेली होती. धाकटीने स्कूटर काढली. थोरली कुत्रीला मांडीवर आडवी घेऊन मागे बसली.

वाटेत थोरलीच म्हणाली, "काळे, पुढे मोठा खड्डा आहे." काळीला शुद्ध नव्हती, पण स्कूटर हळू झाली.

गुरांचा डॉक्टर तोंडाचा तिखट होता आणि त्या दिवशी तीन गावं फिरून नुकताच टेकला होता. त्याने कुत्रीला पत्र्याच्या टेबलावर घेतलं, पापणी वर केली, छातीला नळी लावली, शेपटी उचलून ताप पाहिला.

"काय खाल्लं हिने?"

"उंदरांचं विष असेल," थोरली म्हणाली. तोंडातून पटकन गेलं. "रानात ठेवतात लोक."

"पाहिलंत का खाताना?"

"तिला विचारा डॉक्टर. दुपारपासून तिच्याच दारात होती."

"डॉक्टर, त्यांना सांगा," धाकटी भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्या दारात विष नसतं."

"मग डॉक्टर, तिलाच विचारा की–"

डॉक्टरने कानातली नळी काढून गळ्यात टाकली. दोन घरांची ही तऱ्हा सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती, त्यालाही होती.

"बाई, तुमची कुत्री टेबलावर आहे. मी डॉक्टर आहे. उंदराच्या विषाला एक इंजेक्शन, गोचिडाच्या औषधाला दुसरं. चुकीचं दिलं तर हिला घरी न्यायची गरज राहणार नाही. गोचिडाचं औषध लावलं होतं का कुणी?"

"मी लावलं," धाकटी म्हणाली. आवाज खाली गेला होता. "दुपारी. पण मापात. म्हशीला लावतो त्याच्या निम्मं."

"निम्म्याने एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाला आणि उंदराच्या विषावरच्या इंजेक्शनांच्या कपाटाकडे वळला.

थोरलीने कपाटाच्या कडीवरचा त्याचा हात पाहिला. बेरीज करायला दोन आकडे लागतात. धाकटीकडे एकच होता. डॉक्टरकडेही एकच. दोन्ही आकडे त्या खोलीत फक्त एकीला ठाऊक होते. तिने बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि सवयीने टेबलाकडे बघितलं, पण तिथे ऐकणारं कुणी नव्हतं. काळीची जीभ दातांबाहेर आली होती.

"मीही लावलं होतं," ती म्हणाली. "सकाळी. सगळ्या अंगाला."

डॉक्टरने कपाट बंद केलं. तो रागावला नाही, त्याला वेळच नव्हता. त्याने दुसरी बाटली काढली, इंजेक्शन भरलं आणि ते देता देताच नळाकडे बोट केलं. दोघींनी तिला आधी धुवायचं, साबण लावून, कातडीपर्यंत, वास जाईपर्यंत, आणि चाटू द्यायचं नाही. उशीर नको.

नळाखाली दगडावर एकीने डोकं धरलं, दुसरीने साबण लावला. फेस काळ्या अंगावरून पांढरा खाली गेला, पुन्हा लावला, पुन्हा गेला. तिसऱ्या साबणाच्या वेळी थोरलीने वर न बघता म्हटलं, "तू बोललेलं मी ऐकलं होतं."

ते कुत्रीला नव्हतं. धाकटीचा हात थांबला.

"ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने बोलले," ती म्हणाली. "तुम्ही गप्प. मी म्हटलं, लावलं असतं तर या दोन शब्द सुनावल्याशिवाय राहिल्या असत्या का? म्हणजे नसेलच लावलं."

थोरलीने कुत्रीचं डोकं दुसऱ्या अंगाला वळवलं.

"कानात लाव," ती म्हणाली. "लुळ्या कानात. तिथे मी जास्त चोळलं होतं."

"मीही," धाकटी म्हणाली आणि कान उलटा करून धुवायला लागली.

कुत्रीला सलाइन लावलं, गोणपाटात गुंडाळलं, गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंनी लावल्या. दोघी दोन बाजूंना जमिनीवर बसून राहिल्या. ऊन दाराच्या उंबऱ्यापर्यंत उतरलं तेव्हा गोणपाटाच्या टोकाशी काहीतरी हललं. शेपटी होती. डॉक्टरने पुन्हा नळी लावली आणि जगेल म्हणाला. मग इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं बोलला. ही कुत्री आहे की डुक्कर, दोन्ही चुलींवर जेवते का, इथून पुढे हिला काय खाऊ घातलं, काय लावलं, कुणी लावलं, ते एकीने दुसरीला सांगायचं. कुत्रीला नाही.

घरी आल्यावर पहिले काही दिवस बोलणं तेवढंच होतं.

"खाल्लं का हिने?"

"खाल्लं."

मग एक दिवस धाकटीने विचारलं की किती, आणि थोरलीने वाटी दाखवली. धाकटी म्हणाली, एवढ्याने चिमणी तरी जगेल का. थोरली म्हणाली, चिमणी परवडली, तू हिचं पिंप केलं होतंस. धाकटी म्हणाली, पिंप कुणाच्या घरी भरत होतं ते डेअरीच्या रांगेला विचारा. डेअरीचं नाव निघालं आणि मग साठवून ठेवलेलं सगळंच निघालं. विहीर निघाली, म्हैस निघाली, वाटणीतला दोरखंड निघाला. दोघी अंगणात समोरासमोर, कमरेवर हात ठेवून, एकमेकींच्या तोंडावर भांडल्या. थोरला भाऊ दारात आला, ऐकून परत आत गेला आणि मागच्या दाराने जाऊन धाकट्याला बोलावून आणलं. दोघे भाऊ गोठ्याआड उभे राहून आपल्या बायकांना भांडताना समाधानाने ऐकत राहिले. त्या दिवसापासून ते घरी येताना वळणावर वेगळे झाले नाहीत.

कुत्रीचं मात्र बिघडलं. खाणं निम्म्यावर आलं होतंच, आणि आता तिच्याशी कुणी बोलेना. पूर्वी दिवसभर तिला काही ना काही सांगितलं जायचं. आता दोघी तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत आणि ती मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून दमून जायची. एका सकाळी ती अंगणात दिसली नाही. दोन्ही गोठे, नळ, उकिरडा, सगळं धुंडाळलं. शेवटी दूधवाल्याने सांगितलं, की लोहाराच्या पायरीवर बसलीय.

लोहाराच्या घरी महिनाभर सासू-सुनेचं बोलणं बंद होतं. थोरली आणि धाकटी पोचल्या तेव्हा सासू पायरीवर बसली होती, कुत्री तिच्या पायाशी पसरली होती आणि सून दारातच भाजी चिरत होती.

"बघ गं राणी," सासू कुत्रीला म्हणत होती, "चहा मागितला तर गरम पाणी मिळतं या घरात."

कुत्रीचा लुळा कान सावकाश वर झाला. तिच्यापुढे दुधाची वाटी होती, काठोकाठ.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. दोघींनी कुत्रीला उचललं, एकीने पुढून, एकीने मागून. सासू म्हणाली, असू द्या की, बसली आहे तर, तेवढाच आधार वाटतो.

"सून समोर बसलीय काकू," थोरली म्हणाली. "काय ते तिच्या तोंडावर सांगा. आमची कुत्री नुकतीच आजारातून उठलीय. तिला हे झेपत नाही."