राजीनाम्याचं खरं कारण

त्या कार्यालयात दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकल्या जात. आणि कुणी राजीनामा दिला, की कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहायचं, असा रिवाजच पडला होता. गटप्रमुखाने वर्षभरात असे अकरा अर्ज भरले. अकरा घरांत एकाच वर्षी अडचणी!

बाराव्या अर्जावर मात्र त्याचा हात अडला. तो मावशींचा होता. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून त्या सगळ्यांच्याच मावशी. नवी मुलं त्यांच्याकडे बघून टिकत. त्या गेल्या की गट फुटणार, हे त्याला दिसत होतं.

"मावशी, कमी काय पडलं? गाडी, चहा, वाढदिवसाला केक... सगळं तर देतो आपण!"

मावशींनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'प्रामाणिकपणा हीच आमची ओळख.'

"हे वाचून आले होते रे मी इथे. ते आजोबा आठवतात? आजींचं श्वासाचं यंत्र सारखं बंद पडायचं. तीनदा फोन केला त्यांनी. आणि तीनही वेळा तू मला सहा मिनिटांत 'तक्रार मिटली' अशी नोंद करायला लावलीस. यंत्र बघायला कुणी गेलंच नाही!"

"वरून आकडे मागतात, मावशी. मी तरी काय करू?"

"खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे; मुलांना कळत नाही होय? अशा जागी माणूस बसतो, पण त्याचा जीव रमत नाही. आजोबांचा चौथा फोन आलाच नाही. तेव्हापासून मला घास गिळवत नाही बघ."

त्याने तिथल्या तिथे आजोबांचा नंबर लावला.

"यंत्राचं ना?" पलीकडून थकलेला आवाज आला. "घेऊन जा आता. लागत नाही."

फोन ठेवताना त्याला स्वतःची शरम वाटली. जुनी नोंद उघडून त्याने लिहिलं : 'मिटली नाही. आता मिटणारही नाही.' मग मावशींच्या अर्जावर कारण लिहिलं : 'आम्ही यांना खोटं बोलायला लावलं.'

"आता तरी थांबाल?"

"तुला उमगलं, बरं झालं. पण मला त्या खुर्चीत बसवत नाही रे."

मावशी गेल्या. आठवड्याभरात आणखी दोघे गेले. त्यांचीही कारणं त्याने खरीच लिहिली आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

वाचकहो, आपापल्या कचेरीतली पाटी एकदा नीट वाचा. ती टेबलावर पाळली जात नसेल, तर माणसं केक खातील आणि निघून जातील. आणि पलीकडे कुणीतरी चौथा फोन करायचा थांबेल!