उतरलेला खलाशी

मंगलनं फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकला आणि पदराला पुसून पुन्हा कट्ट्यावर ठेवला.

"लागंना," ती म्हणाली.

तिचा नवरा रवळू दारात बसून विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

परवा तो कारवारहून निघून लोंढा स्टेशनावर उतरून घरी आला होता. नारळी पौर्णिमेपासून तो आणि मंगलचा धाकटा भाऊ शामू एकाच बोटीवर खलाशी होते. गणपती गेल्यावर वारा माजला. बोटी आठवडाभर बंदरात बांधून पडल्या. मग वादळाचा इशारा मागे घेतला गेला, किनाऱ्याजवळ बांगडा आल्याची बातमी फिरली आणि सगळ्यांनी जाळी चढवली. पण पाणी अजून गढूळ होतं, बंदराच्या तोंडाशी लाटा उंच फुटत होत्या. रवळूनं बोट चालवणाऱ्या तांडेलाला सांगितलं, आजचा दिवस थांबू. तांडेल हसला. शामूही हसला. रवळू पिशवी घेऊन उतरला.

"शामूला हाताला धरून उतरवायचं हुतं."

"ऐकतोय व्हय त्यो?"

"तुमी नीट सांगितलं न्हाय."

बोट काल दुपारपर्यंत परतायला हवी होती. रवळू काल सारखा अंगणात जाऊन पश्चिमेकडं बघून येत होता. घाटावर आभाळ काळं होतं.

"उतरलास म्हणून वाचलास बघ," शेजारचा जोतिबा बांधावरून म्हणाला होता. त्यानंतर रवळू पोटभर जेवला होता.

फोन वाजला. मंगलनं तो दोन्ही हातांनी उचलला. शामूच होता. मासळी एवढी लागली की बोट जवळच्या दुसऱ्या बंदराला लावावी लागली आणि त्याच्या फोनात पाणी गेलं होतं. मंगल भिंतीला टेकून खाली बसली, रडली, त्याला शिव्या घातल्या आणि फोन नवऱ्याकडं दिला.

"दाजी, दर्या तळ्यागत झालाय," शामू म्हणाला. "जाळं वढवंना. तांडेल म्हणतोय, दाजींना बलीव. तुमची जागा तशीच हाय."

"बरं," रवळू म्हणाला. "बरं झालं."

त्यानं फोन खाली ठेवला. मंगल डोळे पुसत हसत होती. त्याच्या तोंडाकडं बघता बघता ती थांबली.

"काय झालं?"

रवळूनं विळ्याच्या धारेवर अंगठा फिरवला.

"काल दिवसभर मी वाट बघत हुतो, मंगल."

"मी न्हवते व्हय बघत?"

"तशी न्हवं. बोट बुडाल्याची बातमी आली तर माझं खरं हुईल, म्हणून."

आत भाताला ऊत आला. मंगल उठली नाही. भाताचं पाणी चुलीत सांडल्याचा आवाज झाला, तेव्हा ती आत गेली आणि तिनं झाकण काढून ठेवलं.

"शामूला ह्यातलं कायबी सांगू नगा," तिकडूनच ती म्हणाली. "आन् उद्याच्या गाडीनं जावा."