शंभरात तीन

खडकात कोरलेल्या हरणाच्या मागच्या खुरापासून चार बोटं डावीकडे एक दगडफूल होतं. पिवळसर हिरवं, काळ्या कडेचं, जवळजवळ गोल. गेल्या सप्टेंबरात त्याचा व्यास चोपन्न मिलिमीटर होता आणि त्याआधीच्या सप्टेंबरात त्रेपन्न पूर्णांक सहा. ओदिल्लाने पहिल्यांदा पट्टी लावली होती तेव्हा, म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी, ते एक्केचाळीस भरलं होतं.

आज पट्टी लावायला काहीच नव्हतं.

खडक वरपासून खालपर्यंत फिकट, मेलेल्या रंगाचा झाला होता. दगडफुलं नव्हती, खाचांतली काळी रेघ नव्हती. हरीण मात्र लांबूनही दिसत होतं. तिने गुडघा टेकून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, तर बोटाला बारीक जांभळी वाळू लागली. खाचेच्या तळाशी एकसारखे ओरखडे होते, तारेच्या ब्रशाचे. खडकाच्या पायथ्याशी, जिथून पाणी वाहून गेलं होतं, तिथलं गवत वीतभर रुंद पट्ट्यात जळालं होतं. त्या गवतात एक निळं झाकण पडलेलं होतं.

झाकण तिने उचललं नसतं तरी चाललं असतं. चेरेदोच्या डेअरीत दूध तपासण्यात तिची चौतीस वर्षं गेली होती. असल्या निळ्या झाकणाच्या डब्यातल्या आम्लाने दुधाच्या टाक्यांमधला पांढरा थर निघतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं.

मागच्या बुधवारी तिचा धाकटा दीर तार्चीझिओ दारात उभा राहून विचारून गेला होता, की चौकातल्या हौदाचं शेवाळ काढायला डेअरीचं आम्ल किती घालायचं. शंभरात तीन, तिने सांगितलं होतं. हातमोजे घाल, आणि नंतर भरपूर पाणी सोड. एवढं सांगून ती पुन्हा वाटाणे सोलायला बसली होती.

पायवाटेने मिलानचं एक जोडपं वर आलं. उन्हाळ्यातल्या रविवारी ओदिल्लाच पाहुण्यांना या वाटेने फिरवायची. चुन्याची जुनी भट्टी, वळणावरचं देऊळ, मग हे दोन कोरीव खडक, खालचा हरणाचा आणि वरचा बैलांचा. आज सोमवार होता, ती कुणाची वाटाडी नव्हती. बाईने हरणाचा फोटो घेतला आणि किती छान स्वच्छ ठेवलंय तुम्ही सगळं, म्हणाली.  ओदिल्लाने उत्तर दिलं असतं तर त्या बाईचा काही दोष नसताना तिला ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

ती सरळ खाली गावात आली.

आठ सप्टेंबरच्या जत्रेआधी चेरेदोत सगळं घासलं जातं. हौद, देवळाच्या पायऱ्या, थडगी, बाकं. शनिवारी घरटी एक माणूस ब्रश घेऊन बाहेर पडतो, आणि जो येत नाही त्याचं नाव वर्षभर निघत राहतं. हे असं ओदिल्लाच्या आजीच्या लहानपणापासून चालू आहे, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त आजवर कुणी खडकाला हौद समजलं नव्हतं.

मंडळाच्या शेडपुढे तार्चीझिओ बाकाला हिरवा रंग देत होता. जत्रेच्या मंडळाचा तो दोन वर्षांपासून अध्यक्ष होता. शेजारी उलट्या बादलीवर म्हातारा जाकोमो बसला होता. त्याचं काम देखरेखीचं होतं, असं तो स्वतःच सांगायचा.

"बघून आलीस का वहिनी?" तार्चीझिओने मान वर न करताच विचारलं. त्याच्या आवाजात कौतुकाची वाट पाहणं होतं. "हरणाच्या शिंगांना फाटे किती आहेत, ते साठ वर्षांत पहिल्यांदा मोजलं मी."

ती म्हणाली की त्याने खडक मारून टाकला आहे.

"दगड तो," जाकोमो म्हणाला. "मेलेलाच होता."

तार्चीझिओ हसला, पण मग त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. त्याने शांतपणे समजावून सांगितलं. हौद धुऊन अर्धा डबा उरला होता. येत्या रविवारी बेर्गामोहून दोन बसगाड्या येणार होत्या. गेल्या वर्षी लोक वर चढून गेले आणि काळ्या दगडापुढे उभे राहून हरीण कुठंय, हरीण कुठंय करत बसले. मग चौघांनी मिळून शनिवारची दुपार त्यावर घातली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. त्याच्या हाताला आम्लाचा फोड आला होता, तोही त्याने दाखवला. वाईट हेच होतं, की तो खोटं बोलत नव्हता.

ओदिल्लाने त्याला दगडफुलांबद्दल सांगितलं. एक मिलिमीटर वाढायला सव्वादोन वर्षं लागतात, हे सांगितलं. ब्रशाने खाच रुंद झाली, आता पाणी आत साचेल, थंडीत गोठेल आणि कड उडवेल, हेही सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी गारगोटीने ठोकून ठोकून काढलेल्या रेघेवर आता त्याच्या ब्रशाची रेघ आहे, आणि ती कुणालाही कधीच पुसता येणार नाही. ती आवाज न चढवता बोलत होती. आयुष्यभर तिने असंच बोलून दूध परत पाठवलं होतं.

"तू सांगितलंस तेवढंच घातलं मी," तार्चीझिओ म्हणाला. "शंभरात तीन. थेंब जास्त नाही."

"हौदासाठी सांगितलं होतं."

"दगडाचाच आहे की हौद."

जाकोमोला हे फार आवडलं. तो बादलीवर हलून हलून हसला.

गुरुवारी वरचा खडक घ्यायचा आहे, तार्चीझिओ पुढे म्हणाला. बैलांचा. तो तिप्पट मोठा, म्हणून डेअरीतून दुसरा डबा आणून ठेवला होता. शेडच्या दारामागे होता तो. नांगर, बैल, मागची घरांची रांग, सगळं उघडं करायचं. ओदिल्लाने नको म्हटलं. मंडळात ठरलंय, तो म्हणाला. तिने पुन्हा नको म्हटलं.

"मग काय करशील? फोन करशील?" आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "बेत्तीनासारखा?"

जाकोमोचंही हसणं थांबलं.

बेत्तीनाने अठरा वर्षांपूर्वी शहरातल्या पुरातत्त्व कार्यालयाला फोन केला होता. कुणीतरी जुन्या धनगरवाड्याचे कोरलेले दगड काढून गोठ्याला लावत होतं, आणि तिने नाव न सांगता ते कळवलं. नाव आठवड्यात फुटलं. त्यानंतर देवळात तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. पाव आणायला ती बसने पुढच्या गावी जायची. ती गेली तेव्हा शवपेटी उचलायला सहा माणसं मिळेनात, म्हणून पाद्रीबाबा दारोदार फिरले. ओदिल्लाचा नवरा तेव्हा होता. तो घरीच राहिला, आणि ओदिल्लाने त्याला जा म्हटलं नाही.

ती घरी गेली. सूप गरम केलं आणि न खाता बाजूला ठेवलं. मोजमापांची वही समोर होती. एका पानावर दगडफुलांचे आकडे, समोरच्या पानावर इतर नोंदी. खालच्या खडकात कठड्यासाठी चार छिद्रं पाडली, मे महिना. शेकोटीची लाकडं खडकावरच पेटवली, एक तुकडा उडाला. खाचांत पांढरा खडू. त्यापुढे तिने त्या वर्षी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की खडू मीच भरला, फोटोवाल्यांनी मागितला म्हणून. अकरा वर्षांपूर्वी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर तिने कार्यालयाचा नंबर लिहून घेतला होता. त्यानंतर नऊ नोंदी झाल्या. प्रत्येक नोंद तारखेसह, नीट अक्षरात. नोंद केली की काहीतरी केल्यासारखं वाटायचं.

तिला राग आला होता, आणि तो तार्चीझिओचा कमी होता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, की काळं दिसतं ते सगळं मळ नसतं. तिला मात्र माहीत होतं. तिला सगळं दशांशापर्यंत माहीत होतं, आणि ती एकतीस वर्षं पट्टी घेऊन खडकाशेजारी वाकून बसली होती, एखाद्या आजारी माणसाचा ताप नुसता लिहून ठेवावा तशी.

घरातूनच फोन करता आला असता. खिडकी बंद करून, बेत्तीनासारखा. तिने फोन झग्याच्या खिशात टाकला नाही, हातात धरला, वही काखेत मारली आणि परत शेडपाशी आली.

दुपारचे अडीच वाजले होते. आता तिथे पाचजण होते, आणि शनिवारी ब्रश मारलेले चौघेही त्यांत होते. तिला पाहून तार्चीझिओने बाकाचं न रंगवलेलं टोक दाखवलं आणि बस म्हणाला. दिलगिरीसारखंच होतं ते. ती उभीच राहिली. तिने वहीच्या पुठ्ठ्यावरून एक एक आकडा पाहून दाबला आणि फोन कानाला लावला. कुणाला फोन, असं कुणी विचारलं नाही.

पलीकडे एक तरुण मुलगी होती, घाईत नसलेली. ओदिल्लाने खोऱ्याचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, दोन्ही खडकांचं सांगितलं. खालचा धुतला गेला आहे, वरचा गुरुवारी धुतला जाणार आहे, दुसरा डबा माझ्यापासून तीन मीटरवर आहे.

"वहिनी," तार्चीझिओ हळूच म्हणाला. "वहिनी, ठेव तो."

एकाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. जाकोमो बादलीवरून उठला आणि, जणू काम आठवलं, असा शेडच्या मागे निघून गेला.

नाव सांगितलं नाही तरी चालेल, असं ती मुलगी सांगत होती. पुष्कळ जण सांगत नाहीत. गावांमध्ये त्रास होतो, हे कार्यालयाला ठाऊक आहे.

"नाही, लिहून घ्या," ओदिल्ला म्हणाली. दूध परत पाठवताना असायचा तसाच तिचा आवाज होता, फक्त सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "ओदिल्ला मोरांदिनी, राहणार चेरेदो. मी तक्रार करते आहे. आणि कुणाविरुद्ध, ते विचाराल तेव्हा पहिलं नाव माझं लिहा. प्रमाण मी सांगितलं होतं."